फोटो बघून शंभर वर्षांचा बँजो घेताना : माझा अनुभव

आधी एक खुलासा. मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या गाडीवर कळा दाबून वाजवतात, त्या वाद्याबद्दल हे नाही. हा अमेरिकन बँजो : गोल लाकडी रिम, तिच्यावर ताणलेलं चामडं, लांब नेक आणि पाच तारा. पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी नेकच्या मधेच, बाजूला बसवलेली असते. मी घेते ते बहुतेक १८८० ते १९१५ या काळातले, मागून उघडे, बोस्टन किंवा फिलाडेल्फियाचे. एस. एस. स्टुअर्ट, फेअरबँक्स अँड कोल, ए. सी. फेअरबँक्स आणि १९०४ साली फेअरबँक्सचा धंदा विकत घेतलेली व्हेगा, एवढीच नावं धरून चाललं तरी हातात भरपूर माल येतो. गिब्सनच्या १९३० च्या आसपासच्या मास्टरटोनच्या वाटेला मी ऑनलाइन जात नाही. तिथे सगळी किंमत आतल्या टोन रिंगवर (चामड्याखालच्या धातूच्या कड्यावर) आणि मूळ नेकवर असते, नकली मालही फार, आणि यातलं काहीच फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही.

माल शोधताना कंपनीचं नाव टाकून फारसं काही साधत नाही, कारण नाव ठाऊक असलेला विक्रेता भावही पुरेपूर लावतो. ज्याच्या आजोबांच्या माळ्यावर वाद्य सापडलं, तो नुसतं ‘जुना बँजो’ लिहितो, स्पेलिंग चुकवतो, नाहीतर ‘दुरुस्तीसाठी’ या सदरात टाकून मोकळा होतो. ईबेवर आणि गुडविल या जुन्या वस्तू विकणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या लिलावाच्या साइटवर मी अशाच शब्दांचे अलर्ट लावून ठेवते. भावाचा अंदाज मात्र विकल्या गेलेल्या मालावरूनच घ्यायचा. ईबेच्या फिल्टरमध्ये ‘सोल्ड’ निवडलं की गेल्या तीनेक महिन्यांत काय कितीला गेलं ते दिसतं. विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे त्याची इच्छा, तिच्यावर हिशेब मांडू नये.

फोटो उघडला की आधी तारा मोजायच्या, म्हणजे खुंट्या मोजायच्या. चार असतील तर तो टेनर किंवा प्लेक्ट्रम. टेनरचे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, १७ किंवा १९ असतात, प्लेक्ट्रमचे साधारण २२. व्हेगाचे टेनर त्याच प्रतीच्या पाच तारांच्या बँजोपेक्षा बरेच स्वस्त जातात, म्हणून लोक टेनरची रिम घेऊन तिला पाच तारांचा नवा नेक बसवतात. त्यात गैर काही नाही, वाजतातही छान, पण ते मूळ वाद्य म्हणून विकलं जात असेल तर भाव निम्म्यावर यायला हवा. दुसरा चकवा बँजोरिनचा. स्टुअर्टने हा आखूड नेकचा, नेहमीच्या बँजोपेक्षा सा ते म इतका वर लावायचा प्रकार चालवला. एकट्या फोटोत त्याचा आखूडपणा लक्षात येत नाही. फ्रेटबोर्डचं टोक रिमच्या वर, चामड्यावर आलेलं दिसलं की संशय घ्यावा आणि नटपासून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर विचारावं. त्याची दुप्पट म्हणजे तारेची लांबी. ती २५-२७ इंचांच्या आसपास असली तर नेहमीचा बँजो, १९-२० निघाली तर बँजोरिन.

आता मुख्य गोष्ट. चामडं ताणणारे हुक, खुंट्या, तारांची खालची टोकं धरणारा टेलपीस, चामडं हे सगळं बदलता येतं. नेक आणि रिम यांचं तसं नाही, त्यामुळे माझा सगळा वेळ नेक जिथे रिमला टेकतो त्या सांध्यावर जातो. या बँजोंमध्ये नेकच्या बुडातून, म्हणजे हीलमधून, एक लाकडी दांडी निघते. तिला डॉवेल स्टिक म्हणतात. ती रिमच्या पोटातून आरपार जाऊन पलीकडच्या बाजूला स्क्रूने धरलेली असते. हे बँजो आतड्याच्या तारांसाठी बनलेले होते. नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी धातूची सळई, नाही. मग १९२०-३० च्या सुमारास कुणीतरी स्टीलच्या तारा चढवल्या, वाद्य तसंच भिंतीला टांगून ठेवलं, आणि त्या ताणाने एकतर नेक पुढे वाकला किंवा डॉवेल हीलमध्ये ढिली झाली. ढिली झाली असेल तर हील मागच्या बाजूने रिमपासून सुटते आणि फट दिसते. ही फट समोरून काढलेल्या फोटोत कधीच येत नाही.

म्हणून विक्रेत्याकडे मी पाच फोटो मागते. हील आणि रिमचा सांधा अगदी बाजूने. नटकडून डोळा लावून फ्रेटबोर्डची कड. रिमच्या पोटातली डॉवेल, तिच्यावरचा शिक्का आणि नंबर वाचता येईल असा. बाराव्या फ्रेटवर तारेखाली उभी धरलेली पट्टी. आणि ब्रिज, म्हणजे चामड्यावर तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा, पट्टीसकट.

शेवटचा फोटो का, तर तिथेच सर्वात सोपी लबाडी होते. नेक पुढे आला की तारा उंच होतात. त्या खाली आणायला ब्रिज घासून बुटका करायचा, की पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. जुन्या बँजोंचा ब्रिज मुळातच साधारण अर्धा इंच असतो, पण पाव-तीन अष्टमांश इंचाचा दिसला तर समजावं की खरी उंची लपवली आहे. दुसरी युक्ती म्हणजे हील आणि रिमच्या मधे, चामड्याच्या बाजूला, पत्रा किंवा पुठ्ठा कोंबणं. त्याने नेक मागे झुकतो आणि तारा उतरतात. पातळ, नीट बसवलेली चकती असली तर मी हरकत घेत नाही, कारागीरही तसं करतात. काड्यापेटीची काडी किंवा घडी केलेला कागद दिसला तर मात्र डॉवेल हलते आहे असं धरूनच बोली लावते. बाराव्या फ्रेटवर तार ३ ते ४ मिलिमीटर असेल तर उत्तम, ६ च्या वर गेली की कारागिराकडे पाठवणं आलं. नेकचा बाक सरळ पट्टी ठेवून पाहायचा. मधल्या फ्रेटजवळ १ मिलिमीटरपर्यंतची फट चालते, २ च्या वर असेल तर फ्रेट काढून फ्रेटबोर्ड रंधावा लागतो, आणि ते काम महाग असतं.

नंबरांचं म्हणाल तर फेअरबँक्स आणि व्हेगाचा सीरियल नंबर डॉवेलवर आणि रिमच्या आत, दोन्हीकडे असतो. दोन्ही जुळले तर नेक आणि रिम मूळ जोडीचे. स्टुअर्टच्या नावाचं वेगळं आहे. स्वतः स्टुअर्ट १८९८ मध्ये गेले, त्यानंतर तेच नाव इतरांनी बऱ्याच साध्या वाद्यांवर लावलं. त्यामुळे नुसत्या नावाला भाव देऊ नये, काम बघावं.

फेअरबँक्सचे प्रकार ओळखायला रिमच्या आतून, चामड्याच्या खालून बघायचं. १९०१ पासूनच्या व्हाइट लेडीमध्ये कमानी-कमानीची रिंग असते, आणि हुक अडकवायच्या शूजना रिममध्ये भोकं पाडलेली नसतात, ते बाहेरच्या धातूच्या पट्ट्यावर बसतात. आधीच्या इलेक्ट्रिकमध्ये कमानी तशाच, पण शूजचे बोल्ट रिममधून आत आलेले दिसतात. १९०९ पासूनच्या ट्युबाफोनमध्ये भोकं असलेली चौकोनी नळी असते. आतून एक फोटो मिळाला की हा प्रश्न सुटतो, आणि इतक्या साध्या फोटोला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर मी पुढे जाते.

रिम गोल आहे का, हेही विचारावं. काटकोनात दोन व्यास मोजायला सांगायचे. एक षोडशांश इंचाचा फरक चालतो. एक अष्टमांशाच्या वर गेला तर नवं हेड, म्हणजे वरचं ताणलेलं चामडं, एका बाजूला अडकतं, दुसऱ्या बाजूला सैल राहतं. हेडचे आकारही षोडशांश इंचाच्या टप्प्याने मिळतात, तेव्हा माप पक्कं हवं. फाटलं चामडं बघून मात्र घाबरू नये. उलट त्यामुळे गिऱ्हाईक कमी होतं.

हुक तीनचार गायब असले तर चालतं. पण जुने आटे आजच्या मापाचे नसतात, म्हणून हुक आवळायचा नवा नट (तारांखालचा नट नव्हे) जुन्या हुकावर जबरदस्तीने फिरवू नये. जोडीच बदलावी.

बोलीचा हिशेब मी उलटा मांडते. समजा तसाच, वाजता बँजो ८०० डॉलरला जातो. नेकचं काम २००, हेड-तारा-ब्रिज ७०, खुंट्या ६०, पोस्टेज ८०, म्हणजे ४१०. उरले ३९०. ईबेवर तीच मर्यादा. पण लिलावगृहात खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे बोलीच्या वर लागणारा आकार, साधारण २० ते २५ टक्के, त्यात लाइव्हऑक्शनीअर्ससारख्या ऑनलाइन बोलीच्या मंचाचे आणखी ३-५ टक्के. तिथे ३९० ला १.३० ने भागायचं, म्हणजे बोली ३०० च्या वर न्यायची नाही. शिवाय बहुतेक लिलावगृहं पॅकिंग स्वतः करत नाहीत, दुसऱ्याकडे देतात आणि तो दर आधी सांगत नाहीत. बोलीपूर्वी ईमेल करून विचारावं.

ईबेवर मर्यादा एकदाच, शेवटच्या दहा सेकंदांत टाकायची आणि हात काढून घ्यायचा. आधी टाकली की समोरचा पाच-पाच डॉलरने चाचपत वर चढतो. आकडा गोल ठेवू नये. ३९० ऐवजी ३९१.५० टाकला की तिथेच थांबलेला माणूस मागे पडतो. प्रश्नोत्तरं नेहमी ईबेच्या संदेशांतच करावीत. ‘नेक सरळ आहे, डॉवेल घट्ट आहे’ हे विक्रेत्याने तिथे लिहिलेलं असेल, तर माल वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार ३० दिवसांत टिकते. लिलावगृहात ‘आहे तसं’ हाच नियम.

ब्रिटनमधून घेणार असाल तर दोन गोष्टी. तिथे झिथर-बँजो खूप आणि स्वस्त मिळतात. त्यात पाचवी तार नेकच्या आतल्या नळीतून जाते आणि सहा खुंट्यांपैकी एक रिकामी असते, तेव्हा सहावी खुंटी हा दोष समजू नका. दुसरं म्हणजे हस्तिदंत. जुन्या खुंट्या आणि नट कधीकधी हस्तिदंताचे असतात. ईबेवर हस्तिदंत विकायला बंदी आहे, ब्रिटनमध्ये नोंदणी लागते, आणि सीमेवर माल अडकू शकतो. शंका असेल तर सोडून द्यावं.

पैसे भरल्यावर लगेच पॅकिंगच्या सूचना पाठवायच्या. तारा सैल करा, ब्रिज काढून वेगळा गुंडाळा, तारा आणि फ्रेटबोर्डच्या मधे फोम घाला, हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागे आधार द्या, खोक्यात खोकं ठेवा. ब्रिज उभाच ठेवून पाठवलेला बँजो पाठीवर आपटला तर ब्रिज चामड्यातून आत जातो. हेडस्टॉकला आधार नसेल तर तो नटजवळ तुटतो. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढावा, बाहेरच्या लेबलपासून. थंडीत आलेलं खोकं रात्रभर घरात तसंच ठेवून मग उघडावं.

वाद्य हातात आलं की पहिलं काम स्टीलच्या तारा उतरवणं. नायलॉनच्या किंवा नायलगटच्या (आतड्यासारख्या कृत्रिम) चढवाव्यात. हेड आवळताना समोरासमोरचे हुक पाव-पाव फेऱ्याने. चामडं ओल्या हवेत सैल पडतं आणि आवाज बसतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ते आवळलं तर एसीच्या खोलीत किंवा डिसेंबरात ताणून फाटतं, म्हणून कोरड्या दिवशीच आवळावं. तेवढं सांभाळणं होत नसेल तर प्लास्टिकचं, चामड्यासारखं दिसणारं हेड बसवावं. मी वाजवायच्या बँजोंना तेच बसवते.

सेल्युलॉइडच्या पांढऱ्या किंवा पिवळसर पट्ट्या, विशेषतः १९२० नंतरच्या वाद्यांवरच्या, तडकून चुरा होत असतील आणि शेजारच्या धातूवर हिरवं चढलं असेल, तर तो बँजो इतरांबरोबर बंद केसमध्ये ठेवू नये. त्यातून सुटणारी आम्लाची वाफ बाकीच्यांचे फ्रेट आणि खुंट्याही खाते. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, वाकलेला हुक असो की मोडकी खुंटी, पिशवीत घालून सीरियल नंबर लिहून त्याच केसमध्ये टाकावा. पुढचा घेणारा आधी तेच विचारतो.