गुन्हाच दाखल नाही, मग जामीन कसला?

माझा लोखंडी भंगाराचा धंदा. दोन पुरवठादारांची जीएसटी नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली आणि त्यांच्या बिलांवर मी घेतलेलं 5 कोटी 60 लाखांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, बोगस ठरवलं गेलं. रक्कम 5 कोटींवर गेली की गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. जीएसटी कायद्याच्या कलम 70चं, म्हणजे चौकशीला हजर राहण्याचं, दुसरं समन्स आलं तेव्हा, जानेवारी 2025 मध्ये, वकिलांनी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला.

तिथंच गाडं रुतलं. जीएसटी विभागाचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, येईना. दोन तारखा नुसत्या मुदतीत गेल्या, अंतरिम संरक्षणही नाही. बायको रोज रात्री माझ्या बीपीच्या गोळ्या आणि कपड्यांचा एक जोड पिशवीत भरून दाराशी ठेवायची. तिसऱ्या तारखेला से आला. एकच पान. एफआयआर नाही, अर्जदार आरोपी नाही, सबब अर्ज फेटाळावा.

आजही ते पान आठवलं की तिडीक जाते. जीएसटीत अटकेला एफआयआर लागतच नाही. कलम 69 खाली आयुक्तांनी कारणं नोंदवून हुकूम दिला की अधिकारी थेट उचलतात. मग ज्या कागदाशिवाय मला आत टाकता येतं, त्याच्याशिवाय मला कोर्टात दाद का मागता येऊ नये? वकील म्हणाले, नुसत्या समन्सवर, एफआयआर नसताना अटकपूर्व जामीन मागता येत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा 2023चा निकाल आपल्या विरोधात आहे, हायकोर्टात रिट करावी लागेल. मी फीची जुळवाजुळव सुरू केली.

27 फेब्रुवारीला राधिका अग्रवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी 2023चं ते मत चुकीचं ठरवलं. अटकेची रास्त भीती असेल तर एफआयआर नसतानाही अर्ज चालतो. वकिलांचा फोन आला तेव्हा मी वजनकाट्याजवळ उभा होतो, तिथंच खाली बसलो आणि रडलो. पुढच्या तारखेला जामीन झाला. जातमुचलका, एक जामीनदार, पासपोर्ट जमा, बोलावलं की हजर.

भीती रास्त आहे हे कागदांनी दाखवावं लागतं, म्हणून समन्स आणि झडतीचा पंचनामा जपून ठेवा. समन्सला दांडी मारू नका, पहिलं बोट त्यावरच ठेवतात. माल खरंच आला होता हे सांगायला मला ई-वे बिलापेक्षा काट्याच्या पावत्या आणि ट्रकच्या बिल्ट्या जास्त उपयोगी पडल्या.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: झडतीच्या रात्री डीआरसी-03 वर, म्हणजे स्वेच्छेनं कर भरण्याच्या फॉर्मवर, पैसे भरू नका, कितीही आग्रह झाला तरी. झडतीत बळजबरीनं वसुली करू नये, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची मे 2022ची सूचनाच आहे. मला ती माहीत नव्हती. रात्री दीड वाजता मी 40 लाख भरले. कागदावर तो भरणा 'स्वेच्छेनं' आहे, आणि तो परत मागण्याचा माझा अर्ज अजून पडून आहे.