पहिल्या हाकेला ओ देऊ नये

शनिवारी एक जाडजूड भूतकादंबरी संपवली आणि चिडचिड झाली. नाव सांगत नाही, लिहिणारा पोरगा नवा आहे. पण मी सातवीपासून असली पुस्तकं उशाखाली घेऊन झोपलेली बाई, गप्प बसवत नाही.

पन्हाळ्याच्या पायथ्याला वाडा. चार पिढ्या. प्रत्येक पिढीतला थोरला चाळिशीच्या आत जातो. करतंय कोण? पणजी. हे मला ४०व्या पानावर कळलं, पुस्तकाला कळायला ३२० पानं लागली! मग माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत डायरी, आणि डायरीत पणजीनं सगळं मुद्देसूद लिहिलेलं, सोसायटीच्या मीटिंगचं प्रोसिडिंग असल्यासारखं. माझी पणजी तर अंगठा उठवायची.

भीती चढायला वेळ लागतो, हे कोल्हापुरात सांगायला नको. आम्ही शुक्रवार पेठेतले. पावसाळ्यात पंचगंगा नदी चढायला लागली की दिवसातून दहादा एकच प्रश्न, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्याही वर गेलं. पण पोटात गोळा आला होता तो ४१ ला, शेजारच्या काकू न बोलता गव्हाचे डबे माळ्यावर चढवायला लागल्या तेव्हा. ह्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आरशात बाई उभी. थेट ५५ फूट.

आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरतं ते काय डायरीतनं उतरतं? आमची आज्जी रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसरी हाक आली की मगच. का, ते तिनं सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही. आईचंही तेच. मी बत्तीस वर्षं बँकेत लोकांचे हिशेब तपासले, तरी लाईट गेली की मीही तशीच. आमचे हे आता वैतागून एका दमातच उरकतात, "अगं, अगं, अगं, टॉर्च कुठाय?"

मे महिन्यात लेक आणि नात पुण्याहून आल्या होत्या. रात्री लेकीनं खालनं नातीला हाक मारली. नऊ वर्षांची पोर, हातातला पत्ता तसाच धरून गप्प बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिला हे आम्ही कुणीच शिकवलेलं नाही.

असं एक पान त्या कादंबरीत असतं तर बाकीचं सगळं माफ केलं असतं.

काल पुस्तक वाचनालयात परत करताना मागचं कोरं पान उघडलं. कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पणजी. पान ३८.'

माझ्या दोन पानं आधी!