नागपुरात बसून समुद्री कासवांचा डीएनए कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहून राहिले. हा प्रश्न मला दोन तऱ्हेनं येतो. पाहुणे, शेजारी, कॉलेजातले नवीन विद्यार्थी विचारतात, "मॅडम, इथून समुद्र कुठे न् तुम्ही कुठे, वाघ सोडून कासवांचं काऊन करता?" आणि जे एकदा कोकणात वेळासला किंवा गुहागरला कासव महोत्सव बघून आलेत ते जरा पुढचं विचारतात, की कासवमित्र रात्री किनाऱ्यावर फिरतात, घरटं सापडलं की अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या जागेत, ठेवतात, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात, काम तर होऊन राहिलं ना, मग त्यात डीएनए काढून वेगळं काय मिळतं?

पहिल्याचं उत्तर लहान आहे. मी इथे बायोटेक शिकवते, नोकरी लागायच्या आधी एका लॅबमध्ये ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या सॅम्पलवर काम केलं आणि तो विषय तेव्हापासून सुटला नाही. सॅम्पल एकदा अल्कोहोलमध्ये बुडवलं की त्याला समुद्र लागत नाही, डीप फ्रीझर लागतो आणि मे महिन्यात लाइन गेली तर बॅकअप लागतो. बस.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल.

किनाऱ्यावर आपल्याला दिसतं काय? फक्त मादी, तीही अंडी घालायला येते तेवढा तासभर, आणि नंतर पिल्लं. नर एकदा पिल्लू असताना पाण्यात गेला की सहसा परत जमिनीवर येतच नाही. मादी वयात यायला ऑलिव्ह रिडलेला दहा-पंधरा वर्षं लागतात, ग्रीन टर्टल या दुसऱ्या जातीला त्याहून कितीतरी जास्त, आणि ती मधली सगळी वर्षं ती कुठल्या समुद्रात होती, कोणाच्या जाळ्याजवळून गेली, काही माहीत नसतं. म्हणजे ज्या प्राण्याला आपण वाचवतोय म्हणतो त्याच्या आयुष्याचा अगदी थोडासा तुकडा आपल्या डोळ्यांसमोर असतो, बाकीचं सगळं पाण्याखाली. तो बाकीचा भाग थोडा तरी वाचायचा तर कासवाच्या अंगातच लिहिलेलं वाचावं लागतं.

आता मादी जन्मलेल्या किनाऱ्यावरच परत येते हे आपण सगळे सांगतो, पण ते सिद्ध कसं करणार? तळहातावर मावणाऱ्या पिल्लाला टॅग लावला तर तो वीस-तीस वर्षं टिकायला पाहिजे. बरं, दुसरीही शक्यता होती, की नवीन माद्या चरायच्या जागी अनुभवी माद्यांना भेटतात आणि त्यांच्या मागे मागे त्यांच्या किनाऱ्यावर जातात. दोन्हीत बाहेरून दिसणारं चित्र सारखंच. १९९० मध्ये अॅन मेलन, ब्रायन बोवेन आणि जॉन एव्हिस या संशोधकांनी ग्रीन टर्टलचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधला वेगळा डीएनए, तपासून याचा निकाल लावला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात वाटा नाही. माद्या जर दुसऱ्यांच्या मागे जात असत्या तर एकाच भागात चरणाऱ्या कासवांच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर हा डीएनए मिसळलेला दिसला असता. तसा तो नव्हता, किनाऱ्यागणिक वेगळा निघाला. आपल्याकडे लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात तसं हे आहे, फक्त इथे प्रत्येक बाळंतपण माहेरीच, आणि आजीचं, पणजीचं माहेरही तेच.

याचा अर्थ नीट बघा. एखाद्या किनाऱ्यावरच्या माद्या संपल्या तर शेजारच्या किनाऱ्यावरच्या येऊन ती जागा भरतील असं धरून चालता येत नाही, निदान आपल्या हयातीत तरी नाही. म्हणून "जगात ऑलिव्ह रिडले लाखो आहेत, एका किनाऱ्याचं काय एवढं" हे जे बोललं जातं ते मला पटत नाही, अजिबात पटत नाही. एकूण आकडा मोठा असतानाही एक एक वंश गुपचूप बंद होऊ शकतो.

आणि मग जाळ्याचा प्रश्न. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ लॉगरहेड या आणखी एका जातीच्या कासवांची पिल्लावळ चरायची, पण त्या बाजूला लॉगरहेडचा अंडी घालायचा एकही किनारा नाही, मग ही आली कुठून? १९९५ मध्ये बोवेन आणि सहकाऱ्यांनी डीएनए जुळवून दाखवलं की ती बहुतेक सगळी जपानच्या किनाऱ्यांवरची आहेत. अख्खा पॅसिफिक ओलांडून आलेली! पुढच्याच वर्षी अॅडेलिटा नावाच्या एका मादीला सॅटेलाइट टॅग लावून सोडलं आणि ती खरंच जपानच्या दिशेनं चालत चालत, म्हणजे पोहत, तिकडे पोचली. आता जपानमधल्या लोकांनी किनाऱ्यावर कितीही पहारा दिला तरी मेक्सिकोच्या जाळ्यांत पोरं मरत असतील तर किनाऱ्यावरचा आकडा घटणारच, आणि कारण तिथे किनाऱ्यावर कधीच सापडणार नाही. चरायच्या जागेवरचं किंवा जाळ्यात सापडलेलं कासव कोणत्या किनाऱ्याचं, याचा हिशोब मांडायच्या पद्धतीला मिक्स्ड स्टॉक अॅनालिसिस म्हणतात आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे, कारण जबाबदारी कोणाची हे त्यातून कळतं.

आपल्याकडचं सांगते. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे ऑलिव्ह रिडले हजारोंनी, कधी लाखोंनी एकत्र येतात. कासवांचे अभ्यासक कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या कासवांचा अभ्यास छापला, त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक, पूर्व किनाऱ्यावर झुंडीनं येणाऱ्या आणि एकेकट्या येणाऱ्या माद्यांमध्ये वेगळेपणा नाही. दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते, की इथल्या कासवांत एक असा वंश आहे जो जगातल्या बाकीच्या ऑलिव्ह रिडलेंपासून वेगळा आणि जुना आहे, इतका की इतर समुद्रांमधली ऑलिव्ह रिडले हिंद महासागरातून पसरली असावी असा अंदाज त्यातून मांडला गेला. म्हणजे ओडिशाच्या किनाऱ्याजवळ ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेलेली मादी ही नुसती एक मादी नाही.

मग २०२५ चा जानेवारी आला. गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाला टॅग, नंबर ०३२३३. हा टॅग तिला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता! साधारण ३५०० किलोमीटरचा फेरा मारून बाई इकडच्या किनाऱ्यावर. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी असं बरेच जण धरून चालले होते, त्यामुळे त्या बातमीनंतर माझा फोन वाजतच होता, "मॅडम, तुमचं माहेर-बिहेर सगळं खोटं निघालं ना?" नाही निघालं. ऑलिव्ह रिडले किनाऱ्याच्या बाबतीत ग्रीन टर्टलइतकी काटेकोर नसते हे आधीपासून माहीत आहे. पण एक मादी आली म्हणजे दोन्हीकडची कासवं एकच, असंही होत नाही. अशा येणाऱ्या माद्या पिढ्यान् पिढ्या किती आहेत, त्यावर दोन्ही बाजू वेगळ्या धरायच्या की एक हे ठरतं, आणि ते एका टॅगवरून ठरत नाही, दोन्ही किनाऱ्यांवरची भरपूर सॅम्पलं शेजारी ठेवून ठरतं. विदर्भात आपल्याला हे समजायला सोपं जायला पाहिजे खरं तर. पेंचमधला एखादा वाघ कान्हाकडे गेला तर पेपरात फोटो येतो, पण कॉरिडॉर, म्हणजे दोन जंगलांमधला वाघांचा रस्ता, जिवंत आहे हे विष्ठेतून काढलेल्या डीएनएनं दाखवलं, कारण फोटो एका वाघाचा असतो आणि डीएनए अनेक पिढ्यांचा.

नराचं राहिलंच. जो किनाऱ्यावर येतच नाही त्याला मोजणार कसं? त्याच्या पिल्लांवरून. एका घरट्यातल्या पिल्लांचा डीएनए आईशी ताडून पाहिला की उरलेला भाग बापाचा. २००६ मध्ये कोस्टारिकातल्या ऑलिव्ह रिडलेवर असं केलं तर ओस्तिओनालला, जिथे झुंडीनं अंडी घालतात, सुमारे ९२ टक्के घरट्यांत एकाहून जास्त बाप निघाले, आणि जिथे माद्या एकेकट्या येतात तिथे ३० टक्क्यांच्या आसपास. हे आता का महत्त्वाचं, तर समुद्री कासवात नर की मादी हे क्रोमोसोमवर नाही, वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९-३० अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रीन टर्टल चरतात तिथली कासवं डीएनएवरून कोणत्या किनाऱ्याची ते आधी वेगळं काढलं, मग हार्मोन तपासून नर-मादी ओळखले, तर ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांची लहान कासवं ९९ टक्क्यांहून जास्त मादी निघाली. डीएनए नसता तर उत्तरेची आणि दक्षिणेची कासवं एकाच ढिगात मोजली गेली असती आणि सरासरी बघून "बरं चाललंय" म्हटलं असतं. मला हा आकडा वर्गात सांगताना दर वर्षी त्रास होतो. आपल्याकडेही हॅचरीत वाळू किती तापते, सावलीला हिरवी जाळी बांधायची का, हे प्रश्न आहेतच, आणि बाप किती उरले हे घरट्यातूनच कळणार आहे.

कासवांना त्रास न देता हे होतं का, हेही विचारता. होतं. जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलायना या अमेरिकेच्या राज्यांत प्रत्येक लॉगरहेड घरट्यातून एक अंडं घेतात, त्याच्या टरफलावर आईचा डीएनए मिळतो, त्यावरून ती मादी त्या मोसमात कुठे कुठे अंडी घालून गेली ते कळतं, आई-लेकीसुद्धा ओळखल्या गेल्यात. घरटी मोजली म्हणजे माद्या मोजल्या असं होत नाही, एक मादी मोसमात अनेक घरटी करते, त्यामुळे हा हिशोब फार गरजेचा. आपल्याकडे तर अंडंसुद्धा फोडायची गरज नाही, पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरतात तेव्हा न उबलेली अंडी आणि आत मेलेली पिल्लं सापडतात, ती बहुतेक वेळा पुरली जातात. त्यातला नखाएवढा तुकडा, ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, घट्ट झाकणाची कुपी आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते म्हणून पेन्सिल. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, मेलेल्या पिल्लालासुद्धा वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे, त्यामुळे कोणी उत्साहानं किनाऱ्यावरून काही उचलून मला कुरियर करू नका, कृपा करून.

मला हवंय ते एवढंच, की कोकणातल्या प्रत्येक हॅचरीतून दर मोसमात वनविभागाच्या देखरेखीखाली अशी सॅम्पलं जमा व्हावीत, आज सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचायला, पैसे नसले तरी जमा व्हावीत, फ्रीझरमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात. मग एखाद्या पावसाळ्यात रत्नागिरीला किंवा अलिबागला मेलेलं कासव वाहून आलं तर ते ताडून बघायला काहीतरी हाताशी असेल.

आणि जी पोरं विचारतात की मॅडम यात यायचं तर काय शिकू, त्यांना: पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र, तीन महिन्यांत येतं, स्टॅटिस्टिक्सला वेळ लागतो, ते आत्तापासून धरा, आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये एकदा तरी कोकणात जाऊन कासवमित्रांबरोबर रात्रीची गस्त घाला, लॅबमधल्या कुपीवर जो नंबर असतो तो कसा मिळवला जातो ते कळलं पाहिजे.