पिलू खाईना गेलं की

कुत्र्याचं पिलू खाईना गेलं की आमच्याकडं सगळ्यांचा हात आधी दुधाच्या पातेल्याकडं जातो. दूध नाही चाललं तर अंडं, अंडं नाही तर बिस्कीट, आणि शेवटी ‘जरा रश्शात भाकर कुस्करून दे, बघ कशी खातीय.’ ताटलीत सारखं नवं काहीतरी पडत राहतं. पिलाचा ओठ वर करून हिरडी मात्र कुणी बघत नाही. मला त्याच्यावरच सविस्तर लिहायचंय, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या हरणीवर हे गुदरलं, आणि आता गल्लीत कुणाचं पिलू आजारी पडलं की बाया आमच्या दारात येऊन विचारतात.

हरणी कारवानी जातीची आहे. लातूर जिल्ह्याला ही कुत्री नवी नाहीत. आमच्या शेजारच्या चाकूर तालुक्यातलं जानवळ तर त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. उंच पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड आणि ससा दिसला की धरून ठेवणं मुश्कील. पाडव्यानंतर माझ्या दिरानं तिला आणलं तेव्हा ती नुकतीच आईच्या दुधावरून सुटलेली होती. नव्या घरात आलेलं पिलू एखादा दिवस कमी खातं. आई नाही, भावंडं नाहीत, सगळे वास परके; त्यात घाबरायचं नसतं. हरणीचं उलट होतं. आल्या दिवसापासून ती ताटली चाटून लख्ख करायची. मग एका सकाळी तिनं ताटलीचा वास घेतला, मान फिरवली आणि रांजणाखालच्या ओल्या मातीत जाऊन पडली.

घरात ज्यानं त्यानं आपापलं कारण सांगितलं. मामा म्हणाले, “उन्हाचं हाय गं ते. आपल्यालाच जेवण जाईना गेलंय, तिला कुठलं जातंय?” आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली आणि फडताळातून नातवंडांचं बोंडलं शोधून आणलं, तिच्या घशात दूध ओतायला. त्यांचा जीव होता तिच्यावर. मी बोंडलं त्यांच्या हातातून घेतलं आणि एवढंच म्हटलं, “आत्याबाई, ठसका लागला तर दूध छातीत जाईल.” हे मी सगळ्यांनाच सांगते. जे पिलू स्वतः गिळायला तयार नाही, त्याच्या तोंडात जबरदस्तीनं दूध-पाणी ओतायचं नाही. ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि मग भुकेचा प्रश्न बाजूलाच राहतो.

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. पारा चाळिशीच्या वर गेला की मोठी कुत्रीसुद्धा दुपारी तोंड लावत नाहीत. म्हणून आमच्याकडं उन्हाळ्यात पिलाला उजाडताना आणि दिवेलागणीनंतर खायला घालतात, मधलं एखादं खाणं हलकं ठेवतात. पण हरणी पहाटेच्या गारव्यातही खाईना. माझा धाकटा दोरीला चिंधीचा चेंडू बांधून तिच्यासमोर ओढत होता, एरवी ती त्याच्यावर तुटून पडायची. त्या दिवशी तिनं फक्त डोळे फिरवले, मान उचलली नाही. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. भूक नाही पण खेळ आहे, तर थोडी वाट बघता येते. भूकही नाही आणि खेळही नाही, म्हणजे पिलाला काहीतरी झालंय.

मग मी तिला दारात उजेडाला घेतलं आणि वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. निरोगी पिलाची हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोट दाबून सोडलं की तिथं पांढरा ठिपका पडतो आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होतो. हरणीची हिरडी आधीच फिकी होती, जुन्या मेणबत्तीसारखी, त्यामुळं मी दाबलेला ठिपका कुठला आणि बाकीची हिरडी कुठली हे ओळखू येईना. जिभेचा रंगही उतरलेला. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसली, म्हणजे अंगात पाणी होतं. शी काळपट आणि डांबरासारखी चिकट. कानाच्या पाळीच्या घडीत आणि पायाच्या बोटांमध्ये चार-दोन गोचीड सापडले.

यातलं काही करायला डॉक्टर असावं लागत नाही. हिरडी, पाणी, खेळ, शी, उलटी, गोचीड, एवढं बघायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर नेमकं हेच विचारतात, आणि ‘खात नाही हो’ याच्यापलीकडं काही सांगता आलं तर उपचार लवकर सुरू होतो.

आमचं नशीब की उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना मी तिची शी स्वच्छ डबीत घेतली होती; डॉक्टर मॅडमना त्याचं बरं वाटलं. त्यांनी ताप बघितला. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं रोजचंच, त्यामुळं नुसता हात लावून ‘तापलंय’ म्हणण्यात अर्थ नसतो. हरणीला ताप नव्हता. गोचीड ताप नाही ना, यासाठी रक्त घेतलं, ते ठीक निघालं. शीमध्ये मात्र हुकवर्मची अंडी निघाली, भरपूर.

हे जंत आतड्याच्या भिंतीला दात लावून रक्त पितात. म्हणून हिरडी पांढरी, म्हणून शी काळी. मला वाटलं होतं, आमच्या अंगणातली माती चाटून झालं असेल. मॅडमनी सांगितलं, आईच्या अंगात हुकवर्मच्या अळ्या असल्या तर त्या दुधातून पिलाला जातात; आणि दुसरे, ते शेवयांसारखे लांब जंत, ते तर पिलू पोटात असतानाच वारेतून त्याच्यात उतरतात. म्हणजे घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी पिलू जंत घेऊनच येतं असं धरून चालायचं. जंताचं औषध पिलू दोन आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, आणि पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचं. आपल्याकडं पिलू आणणारा आणि देणारा, दोघंही हे विचारत नाहीत. नर आहे का मादी, नखं किती, शेपूट कशी, हे सगळं विचारतात. जंताचं औषध कधी दिलं हे मी आता पहिलं विचारायला लावते.

अंगणाचीही एक गोष्ट आहे. हुकवर्मच्या अळ्या ओल्या मातीत राहतात आणि माणसाच्या उघड्या पायातूनही कातडीत शिरतात. नागमोडी लाल रेघ उठते आणि भयंकर खाज सुटते. मी त्या दिवसापासून पोरांना अंगणात चपला घालायला लावल्या आणि हरणीची शी लगेच उचलून खड्ड्यात पुरायला सुरुवात केली. रांजणाखालची ओली जागा तिच्या आवडीची होती, तिथं फरशीचे तुकडे बसवून घेतले.

औषध वजनावर असतं, आणि पिलाचं वजन सारखं बदलतं. आमचं भुसाराचं दुकान आहे, त्यामुळं काट्याची अडचण नव्हती. तूर मोजायच्या काट्यावर घमेलं ठेवायचं, घमेल्याचं वजन शून्य करायचं आणि हरणीला आत बसवायचं. पहिल्या खेपेला ती इतकी मलूल होती की गप बसून राहिली. ज्यांच्याकडं असा काटा नाही त्यांनी पिलाला कडेवर घेऊन साध्या काट्यावर उभं राहावं आणि मग आपलं वजन वजा करावं. खाणं सुरू झालं की नाही हे ताटलीवरून फसवं कळतं. वजन खोटं बोलत नाही. वाढत्या पिलाचं वजन आठवडाभर जागच्या जागी थांबलं, तरी ती डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे.

जंताचं औषध आणि रक्त वाढायचं टॉनिक सुरू झाल्यावरही भूक लगेच परतली नाही. इथं मात्र ताटलीत काय आहे याला महत्त्व येतं. कुत्रं आधी नाकानं जेवतं. गार पडलेल्या भाकरीला वास नसतो. मी कोंबडीचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजवायची, मीठ नाही, मसाला नाही, आणि हाडं सगळी काढून टाकायची, कारण शिजलेलं हाड मोडलं की टोकदार होतं. त्या कोमट पाण्यात मऊ भात आणि थोडी ज्वारीची भाकर कुस्करायची. वाटीभर नाही, मुठीभर. दिवसातनं चार-पाच वेळा. पहिल्यांदा बोटाला लावून तिच्या ओठाजवळ धरलं, तिनं चाटलं. मग बोट खाली नेत नेत ताटलीत टेकवलं, तर तिचं तोंडही मागोमाग ताटलीत आलं. पंधरा-वीस मिनिटांत जे राहील ते उचलून ठेवायचं. दिवसभर समोर पडलेल्या अन्नाला माशा लागतात, ते आंबतं, आणि पिलाचाही त्यातला रस जातो.

दूध मी दिलं नाही. म्हशीचं दूध बऱ्याच पिलांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि आधीच अशक्त पिलाला जुलाब म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. येसर आमटीत चुरलेली भाकरही नाही. आमच्याकडं उरलेली आमटी कुत्र्याला घालायची पद्धतच आहे, पण तिच्यात कांदा असतो, लसूण असतो, आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जिच्या अंगात रक्तच कमी आहे तिला ते कसं घालायचं? मनुका, द्राक्षं, चॉकलेट हेही नाही. आणि हात जोडून सांगते, घरातली तापाची गोळी पिलाला देऊ नका. पॅरासिटामॉलनं कुत्री दगावतात.

आता ज्याच्यात वाट बघायचीच नाही ते सांगते. पिलू खात नाही आणि सोबत उलट्या आहेत, पातळ, रक्ताळलेली, उग्र वासाची शी आहे, तर तो पार्व्हो, म्हणजे पिलांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. आमच्या मागच्या गल्लीतलं एक गोजिरवाणं पिलू याच आजारानं गेलं. ‘उद्या बघू’ म्हणेपर्यंत त्याच्या अंगातलं पाणी संपलं होतं. आत्याबाई म्हणतात, आमच्या लहानपणी पिलांना असलं काही होत नव्हतं. त्यांचं बरोबर आहे. हा विषाणू जगात ओळखला गेला तोच १९७८ च्या सुमारास. त्याच्यावर थेट मारा करणारी साधी गोळी नाही, सलाईन लावून पिलाला तगवावं लागतं, म्हणून तासातासाला महत्त्व आहे. लस आहे आणि ती चांगली आहे. ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, पिलू १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. एकच डोस देऊन थांबू नका, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेतोवर ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिलात वेगळं असतं. रेबीजची लस याच्याशिवाय, तीन महिन्यांनंतर. ज्या अंगणात पिलू पार्व्होनं गेलं, तिथं विषाणू कित्येक महिने टिकतो. फिनाईलला तो दाद देत नाही, ब्लीचच्या पाण्यानं जातो. लस पूर्ण नसलेलं दुसरं पिलू तिथं लगेच आणू नका.

लहान चणीचं किंवा अगदी कोवळं पिलू काही तास उपाशी राहिलं तरी त्याच्या रक्तातली साखर उतरते. ते लटपटतं, थरथरतं, लोळागोळा होतं. अशा वेळी साखरेचं घट्ट पाणी बोटानं हिरडीला चोळायचं, उबदार फडक्यात गुंडाळायचं आणि निघायचं. साखर हा उपचार नाही, दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा आधार आहे. खेड्यात राहणाऱ्यांनी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि १९६२ हा टोल फ्री नंबर फोनमध्ये ठेवावा. गायी-म्हशींसाठी आपण ठेवतोच.

हरणीच्या अंगावर मांस धरू लागलं तरी येणारा-जाणारा म्हणायचा, “लई रोड हाय की ही!” कारवानीची ठेवणच तशी असते. फासळ्यांची पुसट रेघ दिसणं आणि पोट आत असणं हे त्यांचं रूप आहे. ती गुबगुबीत व्हावी म्हणून तूप-भाकर कोंबायची नाही. बघायची ती हिरडी, आणि कण्याची, कमरेची हाडं टोचतात का ते.

चौथा महिना संपता संपता ती परत खाईना गेली. आत्याबाई घाबरल्या, मी ओठ उचलला. हिरडी छान गुलाबी, पुढं मात्र थोडी सुजलेली, आणि एक दात हलत होता. दुधाचे दात पडायचे दिवस होते. पाणी पीत होती, धाकट्याची चप्पल पळवत होती, तिला खायचं होतं पण कडक भाकर चावताना दुखत होतं. या खेपेला दवाखाना नाही केला. भाकर कोंबडीच्या पाण्यात पार लापशीसारखी भिजवली, चावायला ओलं फडकं गार करून दिलं, आणि घमेल्यातलं वजन दर रविवारी कालनिर्णयवर लिहीत राहिले. ते वाढतच गेलं. जंताच्या औषधाच्या तारखांवरही त्याच कालनिर्णयवर लाल गोल आहेत, आणि आता ते आत्याबाईच करतात.