तिसऱ्या भागापासून

टेबलावर एक जाडजूड पुस्तक गेले पाच आठवडे पालथं पडलंय. सत्त्याऐंशीव्या पानात खूण म्हणून एका जुन्या तिकिटाचा तुकडा खोचलाय आणि तो तुकडा पाच आठवड्यांत एकदाही जागचा हललेला नाही. रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' या फॅन्टसी, म्हणजे जादूच्या जगातल्या, कादंबऱ्यांच्या मालिकेचा हा पहिला भाग. एकूण भाग चौदा, शिवाय एक पूर्वकथा वेगळी. सगळे मिळून चाळीस लाखांहून जास्त शब्द. हा आकडा मला सत्त्याऐंशीव्या पानावर असतानाच कळला आणि मग मी जे करायला नको तेच केलं. चार वाचणाऱ्या माणसांना विचारलं, "वाचण्यासारखी आहे का हो?"

पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "डोळे झाकून वाच." हे कसं करायचं ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्याने तपशीलवार कळवलं की पहिला भाग नेटाने काढ, दुसरा बरा आहे, तिसऱ्यापासून जी पकड घेते ती घेते. तिसरी बाई अनुभवी. म्हणाली, दहावा सोडून सगळे वाच. चौथ्याने उलट मलाच विचारलं, "तुझं वय काय?" मी सांगितलं. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मी सोळाव्या वर्षी वाचली होती."

मला वाटतं, चौघांत खरं बोलला तो हाच.

रहस्यकथेबद्दल असा कौल कोणी मागत नाही. रात्री हातात घ्यावी, खुनी सापडेपर्यंत जागावं, सकाळी थोडे डोळे चुरचुरतात, हिशोब मिटला. फसली तरी एक रात्र गेली. फॅन्टसीचं तसं नाही. तिथे आधी एक नकाशा येतो. नकाशात एक डोंगररांग, एक जंगल ज्यात जाऊ नये, आणि एक कोपरा जिथे मुद्दाम काहीच काढलेलं नाही. मग राजांची वंशावळ. मग शेवटी शब्दसूची आहे असं लक्षात येतं, म्हणून एक बोट तिथे. दुसरं बोट वंशावळीत. पुस्तक धरायला उरलेल्या बोटांनी वाचायला सुरुवात करायची आणि पहिल्याच वाक्यात तीन अशी नावं, ज्यांचा उच्चार लेखकाखेरीज कोणाला ठाऊक नाही. एवढा संसार मांडण्याआधी माणूस कोणाला तरी विचारणारच.

आणि विचारलं की समोरचा गप्प बसू शकत नाही. वेताळाने विक्रमाला घातलेली अट मला इथे हमखास आठवते: उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. ज्याने चौदा भाग वाचलेत त्याच्या डोक्याची शकलं व्हायला एवढाच प्रश्न पुरतो. तो बोलतो, भरभरून बोलतो, आणि बोलून झालं की प्रेत पुन्हा झाडावर. माझा प्रश्न जिथल्या तिथे, खूण सत्त्याऐंशीव्या पानात.

ते 'तिसऱ्या भागापासून' मात्र माझ्या डोक्यातून जाईना. जॉर्डनचे पहिले दोन भागच हजाराच्या वर पानं भरतात. म्हणजे हजार पानं ही प्रस्तावना समजायची! दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या लेखकाला ही सवलत आपण देऊ? कवीने म्हणून बघावं की माझ्या तिसऱ्या संग्रहापासून यमकं जुळायला लागतात. पण फॅन्टसी वाचणारे हे वाक्य इतक्या निरागसपणे म्हणतात की ऐकणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. त्यांची ती हजार पानं वाचून झालेली असतात ना. चढ चढून गेलेल्याला चढ आठवत नाही, वरचा वाराच आठवतो.

दहाव्या भागाची गोष्टही चौकशी केल्यावर उलगडली. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड मोठी जादूची घटना घडते, साऱ्या जगाला हादरा बसेल अशी. २००३ साली दहावा आला, तर त्यातली कितीतरी पानं ठिकठिकाणची माणसं त्या दिशेला माना वळवून 'तिकडे काय झालं असावं बरं' असं म्हणण्यात जातात. पुढची घटना वाचायला आलेल्या वाचकाला आधी सगळ्यांच्या मानाच मोजत बसाव्या लागल्या. गंमत अशी की दहावा सोड म्हणून सांगणाऱ्या बाईंनी स्वतः तो सोडलेला नाही. दोनदा वाचलाय. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "सोडून कसा देणार, त्यात माझी माणसं होती."

या मालिकेला निदान शेवट तरी आहे. जॉर्डन २००७ मध्ये गेला तेव्हा अखेरचा भाग व्हायचा होता. त्याच्या पत्नीने, म्हणजे हॅरिएट मॅक्डुगल यांनी (त्या त्याच्या संपादकही होत्या), ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली, आणि मागे राहिलेल्या टिपणांवरून त्याने काम पुरं केलं. एका भागाचे तीन झाले, तिसरा २०१३ मध्ये आला. १९९० साली पहिला भाग हातात घेतलेल्या वाचकाने तोवर तेवीस वर्षं काढली होती.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनचे वाचक अजून वाटेतच आहेत. त्यांच्याकडे 'वाचू का' म्हणून गेलात तर आधी एक सुस्कारा ऐकायला मिळतो. त्याची पहिली तीन पुस्तकं १९९६ ते २००० या चार वर्षांत आली. चौथं यायला पाच वर्षं लागली, आणि ते उघडलं तर ज्यांच्यासाठी एवढं थांबलो ते तिघे मोठे लाडके गायब! मजकूर फार वाढला म्हणून लेखकाने त्याचे दोन तुकडे केले होते, तेही काळाप्रमाणे नाही, प्रदेशाप्रमाणे. एका मुलखातली माणसं या पुस्तकात, दुसऱ्या मुलखातली पुढच्या. ते पुढचं २०११ साली आलं. सहाव्याची वाट वाचक तेव्हापासून पाहतायत.

पॅट्रिक रॉथफसचं तर आणखी निराळं. त्याच्या कथेतला नायक आपली हकीकत तीन दिवसांत सांगेन असं कबूल करतो. एका दिवसाचं एक पुस्तक. पहिला दिवस २००७ साली उजाडला, दुसरा २०११ साली. तिसऱ्या दिवसाची पहाट व्हायची आहे. इथेही सगळं तिसऱ्यावरच अडलंय बघा.

अपुऱ्या मालिकेला हात लावू नये असं म्हणणारे शहाणे लोक असतात. मला त्यांचं पटत नाही. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला आणि त्याच्या शेवटी नायक जिवंत, पण शत्रूच्या हाती सापडलेला. तिसरा खंड ऑक्टोबर १९५५ मध्ये आला. ते अकरा महिने ज्यांनी काढले त्यांचा मला हेवा वाटतो. आपल्याला काय, हात लांबवला की पुढचा खंड.

वाचायच्या क्रमावरून जी भांडणं होतात त्यात मी पडत नाही. पण थोडं सांगतोच. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेच्या कादंबऱ्या एक्केचाळीस, १९८३ ते २०१५, आणि तिच्या भक्तांचा पहिला सल्ला असा की पहिल्यापासून सुरुवात करू नका! कुठून करायची याचे त्यांनी बाण काढलेले तक्ते केलेत. नार्नियाची सात पुस्तकं, त्यातलं सहावं छापून आलेलं पुस्तक कथेच्या काळाप्रमाणे पहिलं लागतं. एका मुलाने नार्नियाच्या लेखकाला, सी. एस. लुईसला, पत्र लिहून विचारलं, तेव्हा १९५७ साली त्याने उत्तर दिलं की तुझा काळाप्रमाणेचा क्रम मला जास्त पटतो; आणि पुढे जोडलं की कुठल्याही क्रमाने वाचली तरी बहुधा फारसं बिघडत नाही. लेखकाने प्रश्न असा सोडवून दिला तरी वाचक भांडतायतच. त्यांना भांडायचं आहे, उत्तर नको आहे.

आता माझी स्वतःची फजिती. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीने मध्यंतरी मला विचारलं, "मामा, टॉल्किन वाचू का?" प्रश्न आठ अक्षरांचा. मी चाळीस मिनिटं बोललो. तो भाषांचा प्राध्यापक कसा, त्याने आधी भाषा घडवल्या आणि मग त्या बोलणारी माणसं कशी आली, सगळं. ती ऐकून घेणारी मुलगी आहे. पुस्तक घेऊन गेली आणि आठवड्याने तिने तक्रारी पाठवायला सुरुवात केली. गोष्ट सुरू होण्याआधी हॉबिट नावाचे बुटके लोक ओढतात त्या तंबाखूचा इतिहास का? वाढदिवसाच्या मेजवानीनंतर अंगठी नायकाकडे, फ्रोडोकडे, येते, आणि घरातून पाऊल बाहेर टाकायला तो सतरा वर्षं लावतो, हे बरोबर आहे का? (पुस्तकात खरंच सतरा आहेत.) मध्येच तो टॉम बॉम्बाडिल गाणी म्हणत कशाला येतो? आणि ती एल्रॉन्डकडची सभा! "मामा, ही मीटिंग संपते का?"

मी काय उत्तर द्यावं? मी लिहिलं, "थोडी कळ काढ."

मोरिया नावाच्या भुयाराच्या दारापाशी तिने पुस्तक मिटलं. मी विचारलं, सोडलंस? म्हणाली, सोडलं नाही, ठेवलंय.

तिच्यामुळे मी एक करायला लागलोय. कोणी एखाद्या मालिकेची तारीफ केली की मी ती अर्धवट सोडणारा माणूस शोधतो आणि त्याला विचारतो, कुठे सोडलीस? हे लोक फार नेमके बोलतात. वाचून संपवणारा 'अफाट', 'भव्य', 'जग उभं केलंय' असं काहीबाही सांगतो. सोडणारा सांगतो, "बोटीत बसतात तिथे." का? "बोटीतली सगळी माणसं एकसारखीच बोलायला लागली." बस. यावरून मला पुस्तक कळतं.

आणि मला जर कोणी विचारलं की या प्रकारातलं एकच काय वाचू, तर मी चौदा भागांच्या वाटेला जात नाही. उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' काढून देतो. १९६८ सालचं, दोनेकशे पानांचं. त्यात अगदी सुरुवातीला एक पोर आहे, शेळ्या राखणारं. मावशी शेळ्यांना कसली तरी ओळ म्हणून बोलावते हे त्याने ऐकलंय. तीच ओळ ते एकदा रानात म्हणून बघतं. शेळ्या येतात. गप्प, पिवळ्या डोळ्यांनी बघत येतात आणि त्याला बिलगून उभ्या राहतात, आणि मग सुटतच नाहीत. पोर घाबरून पळतं, तर शेळ्यांचा तो घट्ट गठ्ठा त्याच्यासकट गावात शिरतो. लोक शिव्या देतायत, पोर रडतंय, शेवटी मावशी येऊन सोडवते. ड्रॅगन पुढे येतात, बेटं येतात, मरण येतं. मला त्या शेळ्यांचा वास येतो. तो ज्याला आला त्याने पुढे वाचावं. नाही आला तर दोनेकशे पानंच आहेत, कोणाचं काही गेलं नाही.

व्हील ऑफ टाइमच्या सत्त्याऐंशी पानांत मला असा वास कुठे आला का, हे आठवून बघतोय. दहावा दोनदा वाचणाऱ्या बाईंना कुठेतरी आला असणार.

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. "मामा, झोपलास?"

"नाही."

"त्या तट्टूचं काय होतं?"

मला आधी कळेचना. मग उमगलं. बिल. ब्री गावात एका दुष्ट माणसाकडून विकत घेतलेलं, उपाशी ठेवलेलं, हाडं दिसणारं तट्टू. फ्रोडोचा सोबती सॅम त्याला जपतो, एल्रॉन्डकडे ते अंग धरतं, ओझं वाहत मोरियाच्या दारापर्यंत येतं. आत भुयारात त्याला नेता येत नाही. बाहेर लांडगे. सॅम रडत रडत त्याचं ओझं उतरवतो, जादूगार गॅन्डाल्फ त्याच्या कानाशी चार शब्द बोलतो, आणि तेवढ्यात दारापुढच्या तळ्यातून एका राक्षसाचे हात बाहेर येतात, तट्टू अंधारात उधळतं आणि पुस्तक पुढे निघून जातं. पाठीमागे दार कोसळतं. भाचीने तिथे मिटलं होतं. तीन महिने झाले होते.

मी लिहिलं, "वाच की."

"आधी सांग. मेलं असेल तर नाही वाचणार."

आता वेताळ माझ्या पाठीवर. मी बराच वेळ त्या चौकोनात काहीतरी लिहीत राहिलो, खोडत राहिलो. शेवटी लिहिलं, "जगतं. सॅमला भेटतं."

"नक्की?"

"नक्की."

थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, झोपली.

"कितव्या भागात?"

मी उत्तर टाइप केलं, त्याच्याकडे बघितलं, आणि दुसरं काही खरं सांगण्यासारखं नसल्यामुळे तेच पाठवलं.

"तिसऱ्या."