तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या खासदारानं मत कुणाला दिलं?

‘आमच्या खासदारानं त्या विधेयकाच्या बाजूनं मत दिलं की विरोधात, ते कुठं बघायला मिळेल?’ संसदेच्या कामकाजावर लिहिणाऱ्यांना वाचक हा प्रश्न सतत विचारतात. खासदाराच्या नावापुढं पाच वर्षांतल्या मतांचा एक सरळ तक्ता मिळेल, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते, आणि ती अगदी रास्त आहे. पण आपल्याकडची बहुतेक विधेयकं ज्या पद्धतीनं मंजूर होतात, तिच्यात कुणाचंच नाव उरत नाही. म्हणून मत शोधायला बसण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते: त्या दिवशी मत नोंदलं तरी गेलं होतं का?

नेहमीची पद्धत आवाजी मतदानाची. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘ना’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा हे अध्यक्ष ठरवतात. कामकाजात नोंद होते ती ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढीच. कृषी कायद्यांचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत ती विधेयकं आवाजी मतदानानं झाली. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे प्रत्येक सदस्याचं मत मोजून नोंदणं, मागितलं, गदारोळ झाला आणि त्यातली दोन विधेयकं आवाजी मतदानानंच मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले राजीव सातव होते. पुढं २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे मागे घेणारं विधेयक आलं, तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानानं. शेतकऱ्यांच्या आयुष्याशी इतका संबंध असलेले कायदे आले आणि गेले, पण नाशिकच्या किंवा बारामतीच्या मतदारानं आपल्या खासदाराचं मत शोधायचं म्हटलं तर कागदावर काहीही नाही. ही उणीव साधी नाही.

नावं उरतात ती मतविभाजनात. अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयाला सदस्यानं आव्हान दिलं की मतविभाजनाची घंटा होते. लोकसभेत ती साडेतीन मिनिटं वाजते, बाहेर असलेले सदस्य आत येतात आणि दारं बंद होतात. मग प्रत्येकानं आपल्याच आसनावरून बटण दाबायचं: बाजूनं हिरवं, विरोधात लाल, तटस्थ राहायचं तर पिवळं. ज्याचं मत यंत्रात उमटलं नाही किंवा चुकीचं उमटलं, तो चिठ्ठी भरून देतो. यातली एक पळवाट मात्र ध्यानात ठेवावी. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना आळीपाळीनं उभं करून नुसती मोजणी करू शकतात, आणि लोकसभेच्या नियम ३६७ नुसार अशा वेळी नावं नोंदली जात नाहीत.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. विधेयक कोणत्या तारखेला मंजूर झालं हे आधी नक्की करा. बैठक मध्यरात्र ओलांडून चालली असेल तर बातमीतली तारीख आणि बैठकीची तारीख यांत एका दिवसाचा फरक पडतो. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत ३ एप्रिल २०२५ च्या पहाटे मंजूर झालं, पण ती बैठक २ एप्रिलची होती. शोधणारे बहुतेक जण इथंच अडतात. मग संसद डॉट इन या संकेतस्थळावर त्या सभागृहाच्या त्या दिवसाच्या चर्चेचं पूर्ण इतिवृत्त उघडा आणि विधेयक मंजूर होतानाच्या शेवटच्या पानांवर जा. ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ अशा नावांच्या दोन याद्या तिथं असतात. लोकसभेच्या यादीत आडनाव आधी येतं, नावं इंग्रजी लिपीत असतात, आणि एकाच मराठी आडनावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेची असू शकतात. म्हणून सदस्याच्या अधिकृत पानावर असलेलं स्पेलिंग आधी पाहून घ्या. नाव मुख्य यादीत दिसलं नाही म्हणून तो खासदार गैरहजर होता असं लगेच ठरवू नका. चिठ्ठीनं दिलेली किंवा चिठ्ठीनं दुरुस्त केलेली मतं खालच्या तळटीपेत असतात आणि ती टीप शोधताना हमखास सुटते.

शिवाय एकाच विधेयकावर अनेकदा मतदान होतं: विचारात घ्यावं की नाही यावर, प्रत्येक दुरुस्तीवर, प्रत्येक खंडावर, आणि शेवटी मंजुरीवर. एखादा खासदार विरोधकांच्या दुरुस्तीच्या बाजूनं आणि अखेर विधेयकाच्याही बाजूनं मत देऊ शकतो. त्यात विसंगती असेलच असं नाही, पण आपण कोणत्या टप्प्यावरचं मत उद्धृत करतोय हे सांगायलाच हवं. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडताना २६९ विरुद्ध १९८ असं मतदान झालं. ते फक्त मांडण्यापुरतं होतं, आणि त्याला साधं बहुमत पुरतं. मंजुरीला मात्र एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी लागतात. तेवढ्याच ४६७ जणांनी मंजुरीला मतदान केलं असतं, तर ३१२ मतं लागली असती.

या अटींमुळेच घटनादुरुस्तीवर मतविभाजन टाळता येत नाही, म्हणून तिथं नावं नक्की सापडतात. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातली दोन मतं एमआयएमची, असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही, ही त्यांची हरकत होती. ओबीसी महिलांना वाटा हवा असं काँग्रेसच्या सदस्यांनीही भाषणात सांगितलं, पण मत विधेयकाच्या बाजूनं दिलं. भाषण आणि मत शेजारी ठेवून वाचलं की खासदारानं कशाला जास्त वजन दिलं ते समजतं. नुसतं एक वाचून अर्धंच हाती लागतं.

मत सापडल्यावर पुढचा प्रश्न येतो: ते खासदाराचं आहे की पक्षाचं? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतराला आळा घालणारी दहावी अनुसूची आली. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला असताना परवानगीशिवाय त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षानं १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे महत्त्वाच्या विधेयकावर आपल्या खासदारानं दिलेलं मत बहुधा त्याच्या पक्षानं ठरवलेलं असतं. ‘याच्या मताला काय अर्थ’ असं म्हणून सोडून देणं मात्र मला पटत नाही. ज्या पक्षाचं तिकीट त्यानं घेतलं, त्याच्या निर्णयाचं उत्तर मतदारसंघात त्यानंच द्यायचं आहे.

पक्षाचं मतही कसं पालटतं, हे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती विधेयकात दिसतं. लोकसभेत शिवसेनेनं बाजूनं मतदान केलं आणि विधेयक ३११ विरुद्ध ८० मतांनी झालं. ११ डिसेंबरला तेच विधेयक राज्यसभेत आलं, तेव्हा शिवसेनेच्या सदस्यांनी मतदानाआधी सभात्याग केला. मधल्या काळात विधेयकाचा मजकूर बदललेला नव्हता. काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबतचं राज्यातलं सरकार तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचं होतं. लोकसभेतल्या आकड्यांचीही बेरीज करून पाहा. ३११ आणि ८० मिळून ३९१ होतात, आणि सभागृह ५४३ जागांचं. वक्फ विधेयकाला २८८ विरुद्ध २३२, म्हणजे ५२० मतं पडली. मत न देणाऱ्यांची संख्या एवढी कमी-जास्त होते, तेव्हा आपला खासदार त्यांत होता का, हे विचारायलाच हवं. मतविभाजनातली गैरहजेरी मी भूमिका म्हणूनच मोजतो, आजारपणासारखं कारण त्यानं जाहीर सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

व्हिपचा जोर जिथं कमी, तिथं खासदाराचा स्वतःचा कल जास्त दिसतो. शुक्रवारी मांडली जाणारी खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची, विधेयकं पाहा. १९७० नंतर यांपैकी एकाचाही कायदा झालेला नाही, तरी खासदाराला काय महत्त्वाचं वाटतं हे त्यांतून कळतं. कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन न घेण्याचा हक्क मागणारं सुप्रिया सुळे यांचं २०१८ चं विधेयक असंच होतं. विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीच्या अहवालाला जोडलेली असहमतीची टिपणं तर जरूर वाचावीत. वक्फवरच्या संयुक्त समितीत अरविंद सावंत यांनी असहमती नोंदवली होती. प्रश्नांच्या संख्येवर मात्र फार भिस्त ठेवू नका. एकाच अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावं असतात, आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा शून्यच दिसणार. हजेरीच्या टक्केवारीचंही तसंच. त्या दिवशी नोंद झाली, एवढंच ती सांगते. तो किती वेळ बसला किंवा मतदानाला होता का, ते तिच्यातून कळत नाही.

आवाजी मतदानानं झालेल्या विधेयकाबद्दल खासदाराला लेखी विचारणं एवढाच मार्ग उरतो. पत्रात विधेयकाचं पूर्ण नाव आणि तारीख लिहा, आणि तीन गोष्टी विचारा: त्या वेळी तुम्ही सभागृहात होता का, ‘हो’ म्हणालात की ‘ना’, आणि मतविभाजन मागितलंत का. तिसरा प्रश्न गाळू नका. मतविभाजन मागायला एका सदस्याचं आव्हानही पुरतं, पण तो त्या क्षणी आपल्या आसनावर असायला हवा. एखादं विधेयक येऊ घातलं असेल तर हे पत्र मतदानानंतर पाठवण्यापेक्षा अधिवेशन सुरू होण्याआधी पाठवा, आणि त्यात मतविभाजन मागण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करा.