जांबवंताची फर आणि पायाचे मशीन

फोंडा, रविवार, रात्री

देवळाच्या उत्सवात मुले करणार असलेल्या नाटकासाठी जांबवंताचा पोशाख शिवायला घेतला आहे. आज खांदे आणि छाती जोडून झाली. कापड म्हणजे काळी, लांब लवेची कृत्रिम फर. मागे विणलेला, किंचित ताणला जाणारा थर आणि त्यातून बाहेर आलेले ॲक्रिलिकचे केस अशी तिची रचना असल्यामुळे तिला वरून कात्री लावायची नसते. कापड पालथे पसरून खडूने आखावे आणि फक्त ती वीण ब्लेडच्या टोकाने चिरत जावी, म्हणजे केस अखंड राहतात आणि पुढे जोडावर पडून शिवण झाकतात. सगळ्या तुकड्यांची लव डोक्याकडून पायांकडेच उतरली पाहिजे. एखादी बाही उलटी लागली, तर रंगमंचावरच्या दिव्यांत तिचा रंगच वेगळा दिसतो.

शिवणीसाठी सासूबाईंचे सिंगरचे पायाचे मशीन काढले. ते सिंगरच्या ‘15 क्लास’ नावाच्या मॉडेल-प्रकारातले असून त्याचा क्रमांक ‘वाय’ या अक्षराने सुरू होतो, म्हणजे ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात घडलेले आहे. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला. मात्र त्याच घडणीची मशीने जपानमध्ये आणि आपल्या देशातही इतकी निघाली की सुई, बॉबिन यांसाठी आजही अडून राहावे लागत नाही.

फरसाठी मला हेच मशीन हवे असते. ते फक्त सरळ टीप घालते, पण आतले भाग धातूचे असल्याने जाड जोडावरही सुई दबकत नाही, आणि जिथे चार थर एकत्र येतात तिथे पाय थांबवून हाताने चाक फिरवत एकेक टाका घालता येतो. आधी दाबपायावरचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागावरचा, स्क्रू सैल करून दाब कमी केला, 16 नंबरची सुई लावली आणि इंचाला सात-आठ टाके बसतील एवढी टीप लांब ठेवली. कापड पुढे सरकवणारे मशीनचे खालचे दात एकच थर ओढतात आणि वरचा मागे राहतो, म्हणून टाचण्यांवर विसंबून न राहता काठाचे केस आत सारून सगळीकडे हाताने कच्चा दोरा घातला. वेळ जातो, पण माझ्या मते फरच्या कामातली खरी शिवण हीच. हातमशीनवर एक हात चाकाला अडकतो. इथे दोन्ही हात कापडावर राहतात.

टीप झाल्यावर उलट बाजूचे शिवणीतले केस कातरले आणि सुलट बाजूने जोडात अडकलेले केस सुईच्या टोकाने एकेक मोकळे केले. खांद्यावरचा जोड आता बोटांनाच लागतो, डोळ्यांना दिसत नाही. इस्त्रीची गोष्टच नको, ॲक्रिलिक वितळते.

फरचे तंतू शटलमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या भागात, साचतात, म्हणून उठण्यापूर्वी तिथले भाग ब्रशने साफ केले आणि मशीनचेच तेल दिले. आपल्या दमट हवेत हे रोज करावे. खोबरेल मात्र कधीही घालू नये, ते चिकट होऊन मशीन जड चालते.

एवढ्या उकाड्यात मुलाला फरच्या पोशाखात तासभर उभे राहायचे आहे, तेव्हा पाठीचा भाग फरचा न करता काळ्या सुती कापडाचा करणार आहे आणि आतले अस्तरही सुतीच लावणार आहे. मुखवट्याभोवतीची आयाळ तेवढी उद्या बेतायची आहे.